एका नांगराला नऊ बोटी

प्लाया दे सालिनास, पोर्तो रिको
१४ जानेवारी १९९२

प्रिय ओब्दुलिओ,

राग जरा निवला की लिहू म्हटलं होतं. तीन दिवस झाले, निवत नाही, म्हणून तसंच लिहिते.

शनिवारी बोट क्लबची सभा झाली. आमचे अध्यक्ष डॉक्टर रेमिहिओ, तोच तो दातांचा डॉक्टर, ज्याच्या बोटीत तीन संडास आहेत, तो उभा राहिला आणि गळा साफ करून म्हणाला, "मित्रहो, प्रश्न सुरक्षिततेचा आहे." मग नवा नियम वाचला. जो सभासद एकटा बोट घेऊन बाहेर पडतो, त्याला आपला नांगर आपल्या आपण उचलता आला पाहिजे. नसेल येत, तर धक्क्यावरची जागा सोडायची. ईस्टरच्या पवित्र आठवड्याआधी तपासणी.

आता मला सांग, पंचेचाळीस सभासदांत एकट्याने बोट नेणारं माणूस कोण? मी. खांदा कुणाचा गेलाय? माझा. नियमात माझा फोटो तेवढा छापायचा राहिला. आणि वर सभा संपल्यावर माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणतो, "एनेइदा, साठी आली. आता 'प्रुदेन्सिया' विकून टाक, निवांत बस." आईच्या नावाची बोट विकून मी कुठे निवांत बसू? माझी जागा त्याच्या जागेला लागून आहे, आणि त्याला आणखी मोठी बोट घ्यायची आहे, हे काय मला कळत नाही?

एकतीस वर्षं मी साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर काढली. उसाच्या ट्रकवाल्यांना माझ्यासमोर एक कांडं लपवता आलं नाही. आणि हा मला सुरक्षितता शिकवतो!

तर मुद्दा असा. मला नांगर उचलायचा रहाट बसवायचा आहे. तू तिकडे कोलोनच्या कारखान्यात तेवीस वर्षं रहाटच दुरुस्त करतोयस, तेव्हा निवड तू कर. बोट तीस फुटी, वजन पाच टन. नांगर सोळा किलोचा, साखळी चाळीस मीटर. पवित्र आठवड्याआधी बसला नाही तर जागा गेली, आणि जागा गेली की बोट गेली, हे ध्यानात ठेवून उत्तर दे.

दालिसवहिनीला सांग, तिने पाठवलेली वेलची संपली.

तुझी
एनेइदा


कोलोन, पनामा
२९ जानेवारी १९९२

प्रिय एनेइदा,

पत्र वाचताना कागद गरम लागला. दालिस म्हणाली, आधी पंख्याखाली धर.

हे बघ, रागावू नकोस. डॉक्टर माणूस नालायक असेल, पण साठी तुझी खरंच आली ना? त्या खाडीत तू एकटी असतेस हे मनात आलं की मला जेवण जात नाही. विकायचा विचार निदान एकदा करून बघ. नसेलच विकायची, तर हातानं फिरवायचा साधा रहाट घे. दांडा मागेपुढे करायचा, साखळी येते. वीज नको, वायरी नकोत, बिघडायला काही नाही. तुझ्या बोटीला तो पुरेल.

एक गोष्ट मात्र खरी खरी सांग. तुमच्याकडे रविवारी बेटाजवळ बोटी एकमेकींना बांधून बसायची खोड आहे, मला आठवते. एकजण नांगर टाकतो आणि बाकीचे त्याच्या कुशीला लागतात. तुझ्या नांगरावर तुझीच बोट असते ना? की आणखी कुणी? त्यावर सगळं अवलंबून आहे.

आणि कुठलाही रहाट घेतलास तरी हे लिहून ठेव: रहाट नांगर उचलण्यासाठी असतो, बोट धरून ठेवण्यासाठी नाही. नांगर पडला की आकडा लावलेली जाड दोरी साखळीत अडकवायची आणि डेकवरच्या खुंट्याला बांधायची. ओढ खुंट्याने सोसायची, रहाटाने नाही.

तुझा
ओब्दुलिओ


प्लाया दे सालिनास
१० फेब्रुवारी १९९२

ओब्दुलिओ,

'प्रिय' मुद्दाम लिहिलेलं नाही.

खांदा गेलाय असं मी लिहिलं होतं की नव्हतं? काढ ते पत्र आणि वाच. ज्या बाईला खांद्याच्या वर हात नेता येत नाही, तिला तू दांडा मागेपुढे करायला सांगतोस! आणि ते 'विकायचा विचार एकदा कर'? तो विचार इथे पंचेचाळीस जण फुकट करतात, त्यासाठी मला पनामाला तिकीट लावायची गरज नव्हती.

काल सान हुआनच्या मोठ्या दुकानात गेले होते. विकणाऱ्या पोराने मला पाहिलं, मग माझ्या मागे पाहिलं, आणि विचारलं, "मिस्टर पार्किंगमध्ये आहेत का?" म्हटलं, मिस्टर जन्मालाच आले नाहीत, तू रहाट दाखव. त्याने एक चकचकीत दाखवला. म्हणाला, हाच सगळ्या बायकांना आवडतो. मी विचारलं, ओढतो किती? तर म्हणाला, भरपूर. भरपूर! मी वजनकाट्यावर असं म्हटलं असतं तर दुसऱ्या दिवशी घरी बसवली असती मला. हात हलवत परत आले.

तू विचारलंस त्याचं उत्तर: कधीमधी एखादा शेजारी येऊन दोरी टाकतो, तेवढंच. त्यात विचारण्यासारखं काही नाही.

आता नीट उत्तर दे. तपासणीला आठ आठवडे राहिले.

एनेइदा


कोलोन
२४ फेब्रुवारी १९९२

प्रिय एनेइदा,

चुकलो. खांद्याचं वाचलं होतं, पण मनात माझी ती तरणीताठी बहीणच होती, जी मला काखेत धरून पोहायला न्यायची. दालिसने दोन दिवस माझ्याशी बोलणं टाकलं. म्हणाली, बाईने रहाट विचारला, आणि तू तिला म्हातारपण पाठवलंस.

आता कामाचं. विजेवर चालणाराच घे. त्यात दोन तऱ्हा असतात, उभा आणि आडवा. उभ्याची मोटर डेकच्या खाली लोंबते आणि साखळी पडायला खाली खोल खण लागतो. तुझा खण उथळ आहे, मला चांगला आठवतो, त्यात उतरून मी एकदा अडकलो होतो. तिथे साखळीचा ढीग होऊन वरपर्यंत येईल आणि ऐन वेळी अडकेल. म्हणून आडवा घे, सगळा डेकच्या वर बसणारा.

ताकद अशी काढायची. नांगर सोळा, साखळी छप्पन्न, मिळून बहात्तर किलो. त्याची चौपट धर. म्हणजे तीनशे किलो ओढणारा रहाट, तुझ्या एकटीच्या बोटीला, बस्स. 'भरपूर' नको आणि चकचकीत तर मुळीच नको.

आता सगळ्यात महत्त्वाचं. साखळी ज्या दात्यांच्या चाकावरून जाते, ते चाक तुझ्याच साखळीच्या मापाचं हवं. तुझी साखळी इंचाच्या मापाची आहे, आणि दुकानात मिलिमीटरचीही चाकं असतात. डोळ्यांना दोन्ही सारखीच दिसतात. पण कडी दात्यात बसली नाही की साखळी सुटते आणि थांबवायला लोक हात घालतात. बोटं गेलेली तीन माणसं मी ओळखतो. साखळीचा हातभर तुकडा पिशवीत घालून ने आणि दुकानातच चाकावर बसवून बघ. पोरगा हसला तर हसू दे.

बटण पायाने दाबायचं घे, म्हणजे खांद्याला काम नाही. इंजिन चालू करूनच दाबायचं, नाहीतर बॅटरी बसेल. नांगर चिखलात रुतला तर रहाटाने बोट ओढत बसू नकोस, इंजिनाने हळूच पुढे जा. आणि खुंट्याची दोरी विसरू नकोस. विसरू नकोस हे दोनदा लिहितोय.

वेलची बरोबर पाठवली आहे.

तुझा मूर्ख भाऊ
ओब्दुलिओ


प्लाया दे सालिनास
८ एप्रिल १९९२

प्रिय ओब्दुलिओ,

('प्रिय' परत मिळालं. जपून वापर.)

बसला! आडवा, तीनशे किलोचा, चाक माझ्या साखळीचं. पोरगा हसला, आणि मग पहिलं चाक बसलं नाही तेव्हा धावत आत गेला. दुसरं बसलं. सुतार चागोने डेकला भोकं पाडताना तीनदा छातीवर क्रूस काढला, मी पाचदा.

शनिवारी तपासणी झाली. डॉक्टर रेमिहिओ पांढऱ्या पँटमध्ये, हातात वही. सोबत कमिटीचे दोघे, आणि धक्क्यावर अर्धा क्लब बाई कशी फजीत होते ते बघायला. मी खाडीत गेले, नांगर टाकला, त्यांच्यासमोर कॉफीचा कप हातात घेतला आणि एका पायाने बटण दाबलं. खळखळ खळखळ करत चाळीस मीटर साखळी आत आली. कॉफी सांडली नाही. रेमिहिओने वहीत काहीतरी इतकं दाबून लिहिलं की पेन्सिल मोडली. म्हणाला, "यंत्र छोटंच वाटतं." मी म्हटलं, "डॉक्टर, तुम्ही दाताला जेवढी भूल लागते तेवढीच देता, की बादलीभर?"

जागा राहिली. बोट राहिली. हे सगळं तुझ्यामुळे, हे एकदाच लिहिते आहे, परत विचारू नकोस. आता पवित्र आठवडा. सगळे बेटावर जाणार, मीही.

तुझी
एनेइदा


कोलोन
६ मे १९९२

एनेइदा,

चार आठवडे तुझं पत्र नाही, आणि काल आलं ते डॉक्टर रेमिहिओचं. क्लबच्या कागदावर, शिक्क्यासकट. 'आपल्या भगिनींचे एकमेव पुरुष नातलग या नात्याने' असं सुरू होतं.

लिहितो की पवित्र शनिवारी वादळी झोत आला, तुझा नांगर घसरला, रहाट डेकमधून उपटून निघाला, दोन बोटी खरचटल्या आणि एका लहान मुलीच्या कपाळाला खोक पडली. कारण काय, तर 'अपुऱ्या क्षमतेचे यंत्र, अननुभवी सल्ल्याने निवडलेले'. अननुभवी सल्ला म्हणजे मी! तेवीस वर्षं मी रहाट बसवतोय, एकही उखडलेला नाही. तीनशे किलोचा रहाट पाच टनांच्या बोटीच्या ओढीने उखडतो कसा, ते मला समजव. दोरी बांधली नव्हतीस ना? दोनदा लिहिलं होतं, एनेइदा, दोनदा!

जुलैच्या सभेत तुझ्या जागेचा निर्णय होणार म्हणे. त्याआधी तू आपणहून सोडावीस म्हणून मी तुझं मन वळवावं, अशी त्याची विनंती आहे. मी त्याला कळवलं की मी तुझ्याशी बोलतो. हे ते बोलणं.

ओब्दुलिओ


प्लाया दे सालिनास
१७ मे १९९२

ओब्दुलिओ,

तळपायाची आग मस्तकात गेली आहे, तेव्हा अक्षराकडे बघू नकोस.

बोट माझी. जागा माझी. वर्गणी माझी. आणि पत्र कुणाला? समुद्रापलीकडे बसलेल्या तुला, ज्याने अकरा वर्षांत इथे पाऊल ठेवलेलं नाही! का? तर तू पँट घालतोस. आणि तू काय केलंस? त्याच्या तोंडावर ते पत्र फेकायचं सोडून 'मी तिच्याशी बोलतो' म्हणालास! मी काय गोठ्यातली गाय आहे, की तुम्ही दोघांनी माझ्या दावणीचं ठरवावं? त्याचं एक वेळ सोड, तो रेमिहिओच आहे. तू माझा भाऊ आहेस. त्याच्या पत्राने मला राग आला. तुझ्या पत्राने मी रडले, आणि तुला ते कळावं म्हणून लिहिते.

दोरी बांधली होती. या दोन हातांनी, खुंट्याला, तू सांगितलीस तशी. मग काय झालं ते ऐक. मी खाली स्वयंपाकाशी होते, खाऱ्या कॉड माशाची भजी तळत होते. रेमिहिओची बायको ताटं घेऊन एका बोटीवरून दुसऱ्या बोटीवर चालली होती, तिचा पाय दोरीत अडकला. म्हणून त्या शहाण्याने माझ्या बोटीवर येऊन माझी दोरी सोडली आणि गुंडाळून बाजूला ठेवली. मला न विचारता. मला न सांगता. चागोने डोळ्यांनी पाहिलं. सगळा भार रहाटावर आला. दहा मिनिटांनी वारा आला, आणि मी कढई सोडून वर येईपर्यंत रहाट फळीसकट निघाला होता. आम्ही सगळे एकमेकांना बांधलेले, तसेच बेटाकाठच्या खारफुटीच्या झुडपांत जाऊन आदळलो. खोक पडली ती शेजारच्या बोटीतल्या लुलाच्या नातीला. तीन टाके. ती पोरगी मला अजून 'भजीवाली मावशी' म्हणते. तिच्या कपाळाकडे मला बघवत नाही.

आता तू विचारशील, सगळे म्हणजे किती.

नऊ. माझी धरून नऊ बोटी. माझे पाच टन, आणि त्यांचे मिळून अठ्ठेचाळीस. त्यातले सोळा एकट्या रेमिहिओचे. एका शनिवारी नव्हे, चौदा वर्षं दर रविवारी. 'कधीमधी एखादा शेजारी' हे खोटं होतं. एकतीस वर्षं मी लोकांची चोरटी वजनं पकडली, आणि स्वतःच्या भावाला वजन चोरून सांगितलं.

का, तेही सांगते. कारण तू 'बंद कर' म्हणाला असतास. आणि मला ते बंद करायचं नव्हतं. आठवडाभर या क्लबात मला कुणी विचारत नाही. सभेत बोलायला लागले की लोक घड्याळं बघतात. पण रविवारी सकाळी वायरलेसवर आवाज येतो, "एनेइदा, आज कुठे टाकतेस?" आणि मी जिथे टाकीन तिथे सगळे येतात. ते मला आवडायचं. आता लाज वाटते, पण आवडायचं.

एनेइदा


कोलोन
१ जून १९९२

प्रिय एनेइदा,

तुझं पत्र दालिसने मोठ्याने वाचलं. तुझ्या रागाच्या जागी तिने आपला घालून वाचलं, त्यामुळे मला दोन्ही मिळाले.

मी चुकलो, आणि यावेळी खांद्याचं कारण नाही. ते पत्र त्याच दिवशी फाडायला हवं होतं. माझ्या कामाला त्याने नाव ठेवलं, तेवढ्याने मी उसळलो आणि तुला विसरलो. आज क्लबला दोन ओळींचं पत्र टाकलं आहे: 'बोटीच्या मालकीणबाई एनेइदा सेमिदेइ आहेत. बोलायचं ते त्यांच्याशी बोलावं.' त्याची प्रत सोबत आहे.

आता कारागीर म्हणून. त्रेपन्न टन, वादळी वारा, आणि दोरी सोडलेली! अगं, तो रहाट दहा मिनिटं टिकला याचंच मला आश्चर्य वाटतं. त्यात त्याची चूक नाही, तुझी नाही, माझी नाही. तो उचलणारा होता, त्याला धरायला लावलं.

मोटर चागोला तपासायला सांग, बहुतेक ठीक असेल. मी पोलादी पत्रा कापून पाठवतो आहे, तो डेकच्या खालून लाव आणि त्यातून बोल्ट घे. तोच रहाट परत बसव, मोठा घेऊ नकोस. मोठा घेतलास तर बारा बोटी येतील.

आणि रविवारी नांगर टाक. एकटीचा.

तुझा
ओब्दुलिओ


प्लाया दे सालिनास
१३ जुलै १९९२

प्रिय ओब्दुलिओ,

पत्रा आला, बसला. आता हे पत्र बसून वाच.

जूनअखेरच्या सान हुआन संताच्या सणाआधीचा रविवार. सगळा क्लब बेटाकडे. मी सकाळी आठला जाऊन नांगर टाकला, खुंट्याला दोरी बांधली, कॉफी केली. नऊला वायरलेसवर डॉक्टर रेमिहिओ: "एनेइदा, आज कुठे टाकलास?" दोन महिन्यांपूर्वी माझ्या नांगराने घात केला म्हणून शिक्का मारून पत्र लिहिणारा माणूस! जसं काही झालंच नाही! मी म्हटलं, "टाकलाय. पण माझ्यापुरता. आपापला टाका."

मग आठ बोटी माझ्याभोवती गोल गोल फिरायला लागल्या. ओब्दुलिओ, त्यांना येतच नव्हतं! चौदा वर्षं माझ्यावर लटकून हे लोक नांगर टाकायचंच विसरले होते. एकाच्या नांगराला दुकानातली चिठ्ठी तशीच लटकत होती. एकाने टाकला, पण साखळीऐवजी कपडे वाळत घालायची दोरी होती. दोघांचे एकमेकांत अडकले आणि बायका भांडायला लागल्या.

आणि रेमिहिओ. त्याच्याकडे एवढा थोरला रहाट आहे, माझ्या तिप्पट. बटण दाबलं, काही नाही. कधी वापरलाच नाही, आतली मोटर गंजून घट्ट. मग त्याने हातानेच चाक मोकळं केलं. साखळी निघाली धडधडत, वीस मीटर, चाळीस, साठ, आणि शेवटचं टोक त्याच्या डोळ्यांसमोरून पाण्यात गेलं. टोक बोटीला बांधलेलंच नव्हतं! नांगर, साखळी, सगळं तळाला. तो खाली वाकून पाण्यात बघत राहिला. पांढऱ्या पँटमध्ये.

मी हसले, खोटं कशाला सांगू. पण दोन वाजता आग्नेयेकडे आभाळ काळं झालं आणि हसू गेलं. सगळे माझ्याकडे निघाले, दोऱ्या हातात घेऊन. पुढे रेमिहिओ, ओरडत, "एनेइदा, दोरी घे!" मी पुढच्या टोकावर उभी राहिले आणि वजनकाट्यावरच्या आवाजात विचारलं, "वजन किती?"

"काय?"

"वजन किती, डॉक्टर? माझ्या खुंट्याला माझी एक आणि वर तीन टन चालतात. तुमचे सोळा. काटा भरला. इंजिन ठीक आहे तुमचं, बंदर वीस मिनिटांवर आहे, वारा यायच्या आत निघा."

लुलाची बोट तीन टनांची. तिला मी घेतलं, दोरी स्वतः बांधली, आणि दोरीपाशीच बसून राहिले. वारा अर्धा तास होता. नांगर तसूभर हलला नाही. नात माझ्या मांडीवर डोकं ठेवून झोपली, कपाळावर तीन टाक्यांची खूण. बाकीचे बंदरात सुखरूप पोचले.

परवा सभा झाली. माझ्या जागेचा विषय पहिला होता. मी उठले आणि म्हटलं, माझी काही हरकत नाही, नियम तोच सगळ्यांना लावा. ज्याला आपला नांगर उचलता येत नाही त्याने जागा सोडावी. फक्त उचलायला आधी नांगर असावा लागतो, तेव्हा अध्यक्षांपासून सुरुवात करू. चागोने उभं राहून दोरी कुणी सोडली तेही सांगितलं. यावेळी कुणी घड्याळ बघितलं नाही. माझा विषय रद्द झाला. लुलाच्या नातीची माफी रेमिहिओला सगळ्यांसमोर मागावी लागली. माझी नाही मागितली. मी वाट बघते आहे.

सभा संपल्यावर धक्क्यावर आला. टोपी हातात. म्हणाला, "एनेइदा, मला सगळंच नवं घ्यावं लागणार. नांगर, साखळी, रहाट. तुझ्या भावाला विचारशील का, कुठला घेऊ?"

मी म्हटलं, "त्याला कशाला? मला विचारा. तुमच्या नांगरावर कोण कोण अवलंबून असतं?"

जरा विचार केला त्याने. म्हणाला, "कुणी नाही."

"मग दांड्याने फिरवायचा पुरेल," मी म्हटलं.

तुझी
एनेइदा